त्यात जवला टाका

धरमतरच्या खाडीकाठी शाकाहारी माणसाकडे लोक रागाने बघत नाहीत, तुच्छतेनेही नाही. कणवेने बघतात. नाक्यावरच्या भाजीवालीकडून वांगी घेतली की ती पिशवीत टाकता टाकता सांगते, "यात सुकट टाका, बेस लागतं." घोसाळी घेतली की, "त्यात जवला टाका." शेवग्याच्या शेंगांना कोलंबी, वालांना बोंबील. प्रत्येक भाजीचं लग्न तिने आधीच ठरवून ठेवलेलं आहे आणि आम्ही त्या सगळ्या भाज्या नवरदेवावाचून घरी नेतो, याचं तिला मनापासून वाईट वाटतं.

"आम्ही खात नाही," असं सांगितलं तेव्हा ती हातातला काटा तसाच धरून म्हणाली, "मावरं नाय खात, पन सुकं तं खाता ना?" सुकी मासळी तिच्या लेखी मासळीत धरत नाहीत, ती मीठ-मिरचीच्या खात्यात जाते. तेही नाही म्हटल्यावर तिने आवाज खाली आणला. "डाक्टरांनी सांगितलंय का?" मी आमच्या घराण्याची परंपरा वगैरे समजावून सांगणार होतो, पण बायको पटकन म्हणाली, "हो." तेव्हापासून आम्हाला कोथिंबीर जरा जास्त मिळते.

धरमतर बहुतेकांनी पाहिलेलं असतं, पण पुलावरून आणि गाडीच्या काचेतून. वडखळला गोव्याचा महामार्ग सोडून अलिबागच्या रस्त्याला लागलं की अंबा नदीची रुंद झालेली खाडी लागते, डावी-उजवीकडे कांदळवन, चिखल, धक्क्यावरच्या क्रेन, आणि गाडीतलं कोणीतरी म्हणतं, "आलं का अलिबाग?" नाही, पोयनाडसुद्धा अजून यायचं असतं. एके काळी मुंबईहून बोटीने येणारी माणसं इथे उतरत आणि पुढच्या कोकणात जात. आता माणसं वरून जातात आणि खालून कोळसा येतो. बाहेर समुद्रात मोठी जहाजं उभी राहतात, त्यांच्यातला माल बार्जमध्ये भरून खाडीत आणतात. त्या मालाच्या गाड्या जिथे तोलल्या जातात, त्या वजनकाट्यावर मी एका कंत्राटदाराकडे नोकरीला आहे. बायको हायस्कुलात गणित शिकवते. मी पेणचा, ती रोह्याची. लग्नानंतर घर कुठे करायचं यावर बोलणी अडली, तेव्हा दोघांच्याही माहेरापासून सारखंच गैरसोयीचं म्हणून धरमतर ठरलं.

पेण आणि रोहा ही दोन्ही रायगड जिल्ह्यातलीच गावं, मध्ये कासू, नागोठणे, निडी एवढीच स्टेशनं. बाहेरच्याला त्यात फरक दिसणार नाही. आमच्या स्वयंपाकघरात मात्र ही दोन स्वतंत्र राष्ट्रं आहेत. गणपतीचा विषय निघाला की मी गप्प बसून नुसता हसतो, कारण पेणच्या मूर्ती कुठे कुठे जातात हे मला सांगावं लागत नाही. मग ती म्हणते, "कोकण रेल्वे सुरू होते ती रोह्यापासून. पेणला गाडी नुसती थांबते. तीही सगळी नाही." हे खरं असल्यामुळे मला पोह्यांवर यावं लागतं. पेणचे पोहे, पेणचे पापड, पेणची मिरगुंडं. यावर तिच्याकडे धावीर महाराज आहेत, ज्यांच्या पालखीला दसऱ्याच्या सुमारास पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते. पापडाला मानवंदना मिळत नाही.

मोठी माणसंही या भांडणातून सुटलेली नाहीत. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं घराणं रोह्याचं. 1943 मध्ये ते गव्हर्नर झाले, नोटांवर त्यांची सही आली आणि त्या सहीच्या जोरावर आमच्या घरचा जमाखर्च आजतागायत बायकोकडे आहे. माझ्या बाजूला विनोबा आहेत. 1895 साली ते जन्मले ते गागोद्याला, म्हणजे पेण तालुक्यातच. बाजारातून काही आणायचं जिवावर आलं की मी अपरिग्रहावर बोलू लागतो. घरात आहे त्यात भागवावं, गरजा कमी कराव्यात, वगैरे. एकदा तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "विनोबा भूदानासाठी देशभर पायी फिरले. तुम्ही नाक्यावर जाऊन कढीपत्ता आणा."

माझ्या नोकरीचा आणि बाजारहाटाचा तसा जवळचा संबंध आहे, फक्त घरात तो कोणी मान्य करत नाही. दिवसभर माझ्यासमोर गाड्या येतात. भरलेली गाडी तोलायची, रिकामी तोलायची, वजाबाकी केली की माल. पावसाळ्यात ओला कोळसा जास्त भरतो, त्यावरून वाद होतात, ते मिटवायचे. असा टनांत वावरणारा माणूस संध्याकाळी पाव किलो गवार घेऊन घरी येतो आणि बायको पिशवी नुसती हातात धरून म्हणते, "दोनशे ग्रॅम आहे." मेथीच्या जुडीवर पाणी मारलेलं तिला दारातूनच कळतं. "कोळशाला कळतं ना तुम्हाला? मग मेथीला का नाही कळत?" कोळशाची गाडी मला बघून हसत नाही, भाजीवाली हसते, हे कारण मी अजून तिला सांगितलेलं नाही.

वजनकाट्यावरच्या माणसाला लोकांनी खूश ठेवायचं असतं, असा एक समज आहे. इथल्या खारेपाटात त्यासाठी जिताडा मासा आहे. शेततळ्यात वाढवलेला, चांगला हातभर लांब. जावयाला आणि साहेबाला जिताडा पोचला की कामं सुरळीत होतात, असं इथली जुनी माणसं सांगतात. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर गाड्यांचे मालक फार अडचणीत आले. मला काय द्यावं हेच कोणाला सुचेना. माझ्या स्वच्छ कारभाराचं धक्क्यावर जे नाव आहे, त्यातलं निम्मं श्रेय आहाराचं आहे. शेवटी एकाने डोकं लढवून अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ आणून दिली. 2022 मध्ये या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तो भाव खाऊन आहे. गोड, तिखटपणा जवळजवळ नाही, चिरताना डोळ्यांत पाणी नाही. मी माळ घेऊन घरी आलो. बायको म्हणाली, "आत्ताच्या आत्ता परत करा." मी चप्पल घालत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला, "आणि कुठून घेतली ते विचारून या."

मासळी आमच्या पातेल्यात येत नाही एवढंच. बाकी घर तिच्याच वेळापत्रकावर चालतं. भरलेली बार्ज भरतीवरच आत येते, बार्ज लागली की काट्यावर रांग, रांग लागली की मला उशीर. त्यामुळे जेवायला कधी बसायचं हे आमच्याकडे चंद्र ठरवतो. कोळ्यांचा एक जुना ढोबळ हिशेब आहे: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता. खाडीत थोडं मागेपुढे होतं, पण चालतं. लग्न होऊन आल्यावर शेजारच्या काकूंनी हे बायकोला सांगितलं आणि गणिताच्या शिक्षिकेला आयुष्यात प्रथमच नवऱ्याविषयी एखादं सूत्र मिळालं. तेव्हापासून ती फोन करून "कधी येताय?" असं विचारत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघते आणि कुकर लावते.

सगळा घोळ एकादशीचा. अकरा त्रिक तेहेतीस, भागिले चार, सव्वाआठ. म्हणजे महिन्यातून दोनदा, नेमकी साबुदाण्याची खिचडी परतून झाकण ठेवण्याच्या वेळेला खाडी तुडुंब भरलेली असते आणि मी काट्यावर अडकलेला असतो. साबुदाण्याची खिचडी थांबत नाही. आमटी थांबते, भाजी थांबते, भाकरीसुद्धा फडक्यात गुंडाळून तासभर कळ काढते. खिचडीचा दहा मिनिटांत गोळा होतो आणि अर्ध्या तासाने तो गोळा बशीतून सबंध उचलता येतो. उलट संकष्टी आमच्याकडे सुखाची. भरती दुपारी तीनच्या आसपास, चंद्रोदय रात्री नऊच्या सुमारास, तेव्हा खाडीत पुरती ओहोटी. बार्ज नाही, रांग नाही, मी वेळेवर घरात, मोदक गरम. बायको गणपतीचं मनापासून करते आणि विठ्ठलाच्या बाबतीत जरा राखून असते. कारण विचाराल तर ती सांगणार नाही, पण मला वाटतं ते भरती-ओहोटीचं आहे.

मे महिन्यात आगोट सुरू होते. पावसाळ्याचे चार महिने घराबाहेर पडणं कठीण, 1 जून ते 31 जुलै समुद्रात मासेमारी बंद, म्हणून त्याआधी घरात सगळं भरून ठेवायचं. आमच्या इमारतीच्या गच्चीवर या दिवसांत उभं राहायला जागा नसते. जवला, बोंबील, वाकट्या, सोडे, सगळं जुन्या साड्यांवर पसरलेलं. आणि त्यातच आमचे पोह्याचे पापड. दुपारचा वारा खाडीवर पश्चिमेकडून येतो. पहिल्या वर्षी पापड पूर्वेच्या कोपऱ्यात होते. ते तळले तेव्हा पुण्याचे पाहुणे म्हणाले, "काहीतरी वेगळाच मसाला आहे यात. कुठला?" बायकोने पाककृती सांगितली, फक्त शेवटचा घटक सांगितला नाही. पुढच्या वर्षी एप्रिल संपायच्या आतच तिने पश्चिमेचा कोपरा धरला, चारी बाजूंनी विटा ठेवून. आता वारा आधी पापडांवरून जातो, मग जवल्यावरून. काकूंची यावर काही तक्रार नाही. त्या काठी घेऊन कावळे हाकलायला बसतात, त्यात आमचे पापडही सांभाळतात. एकदा त्या म्हणाल्या, "तुमच्या पापडांना कावला शिवत पन नाय." त्यांच्या स्वरात अभिनंदन नव्हतं.

पहिला पाऊस पडला की मात्र आमचे दिवस येतात. पेणच्या बाजारात ठाकर-कातकरी बायका रानभाज्या घेऊन बसतात. कुलू, टाकळा, भारंगी, करटोली, आणि सगळ्यांच्या आधी शेवळं. शेवळं म्हणजे जांभळट-तपकिरी कोंब, जमिनीतून वर आलेला, दिसायला संशयास्पद आणि खाण्यात त्याहून जास्त. नीट केली नाहीत तर घसा असा खाजतो की माणूस बोलायचा थांबतो. आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि भाजीत काकडं नावाची आंबट फळं ठेचून घालायची, ती खाज मारतात. ती नसतील तर चिंच, पण चिंचेवर आमच्या घरात विश्वास नाही. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, त्यामुळे बायकोचा फोन सकाळीच येतो: काकडं मिळाली तरच शेवळं घ्या, दोन्ही एकाच बाईकडून घ्या, आणि ती "कोलंबी टाका" म्हणाली तर नुसती मान हलवा, चर्चा करू नका.

शेवळांच्या भाजीचा पहिला घास मी घ्यायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. पतीला आधी वाढणं असं ती सासरी सांगते. प्रत्यक्षात ती समोर बसून दहा मिनिटं मला बोलतं ठेवते. महामार्गाचं काय चाललंय, धक्क्यावर काय चाललंय. मी नेहमीसारखा बोलत राहिलो की ती स्वतःचं ताट घेते. मी गप्प झालो की उठून पिठल्यासाठी कांदा चिरायला घेते. महामार्गाचा विषय ती मुद्दाम काढते, त्यावर कितीही वेळ बोलता येतं. पनवेल ते इंदापूर रुंदीकरण 2011 साली सुरू झालं, तेव्हा आमची मुलगी शाळेत होती. तिचं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न होऊन ती पुण्याला गेली. "रस्त्याचं कुठवर आलं?" असं ती अजून विचारते.

या रस्त्यामुळे आमच्याकडे पाहुणचाराची एक वेगळीच पद्धत तयार झाली. अलिबागला निघालेला मुंबईचा नातेवाईक वडखळला अडकला की त्याला आमची आठवण येते. "वडखळला आहोत, येतोच." या "येतोच" मध्ये वीस मिनिटंही असतात आणि दोन तासही. बायको पोहे भिजवत नाही. कांदा चिरते, फोडणीची तयारी करते आणि मला पुलाच्या तोंडाशी पाठवते. तिथून मी गाड्यांचा वेग सांगायचा. गाड्या धावताना दिसल्या की पोहे भिजायचे, लोक गाडीतून उतरून उभे दिसले की थांबायचं. 2020 च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, लोक गाडीसकट समुद्रावरून परस्पर अलिबागला पोचू लागले आणि आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांत एकदम घट झाली. आता येतात ते खरोखर आम्हाला भेटायला येतात. त्यांच्यासाठी काय करावं हे मात्र आम्हाला सुचत नाही.

श्रावणात सगळी खाडी आमच्या पंक्तीला येते. गटारीला शेवटचं काय ते उरकून घेतलेलं असतं. दुसऱ्या दिवसापासून काकू वाटी घेऊन आमच्या दारात. "वहिनी, तुमी त्या नुसत्या भाज्या कशा करता गो?" मग बायको एखाद्या तज्ज्ञासारखी अळूचं फदफदं, भोपळ्याचं भरीत, कुळथाचं पिठलं सांगत बसते. इमारतीतल्या बायका ऐकतात. नवरे जिन्यात उभे राहून नारळी पौर्णिमेला किती दिवस आहेत ते मोजतात. याच दिवसांत भाज्या महागतात आणि नाक्यावरची ती भाजीवाली, जी एरवी आम्हाला कोथिंबीर जास्त घालते, ती श्रावणात आम्हाला ओळखतसुद्धा नाही. हंगाम असतो तिचा.

पण खरा संसार बघायचा तर वाल सोलताना. भातकापणी झाली की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, रायगडात हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. ते कडवे वाल रात्री भिजवायचे, उपसून फडक्यात बांधायचे, चांगले मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. बोटांच्या चिमटीत धरून दाबला की डाळिंबी सुटून पुढे उडते आणि साल हातात राहते. नवीन असाल तर उलटंही होतं. परातीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं बसतो. टीव्ही बंद, कारण हात ओले असतात आणि रिमोट कोणी धरायचा यावरून भांडण नको. मग दुसरं भांडण सुरू होतं. आमच्या पेणच्या घरी वालांच्या बिरड्यात मोड अखंड राहिला पाहिजे, रस अंगापुरता, वरून ओलं खोबरं. तिच्या माहेरी आमसूल आणि गूळ सढळ, रस भरपूर, भाताबरोबर ओरपता येईल एवढा. "रस्सा हवा तर आमटी करा," मी म्हणतो. "कोरडं हवं तर तसेच वाल चावा," ती म्हणते. हे बोलताना दोघांचे हात थांबत नाहीत. एवढ्या वर्षांत आम्ही तहाचा एक मसुदा केला आहे: वाल रोह्याहून आणायचे, करायचे पेणच्या पद्धतीने, आणि कोणी पाहुणा "छान झालंय" म्हणाला तर दोघांनीही मान खाली घालायची.

परवा मुलीचा पुण्याहून फोन आला. सासरच्यांना बिरडं करून घालायचं होतं. मी एक सांगत होतो, बायको मागून दुसरं. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही आधी ठरवा, तोवर मी सोललेल्या डाळिंब्यांचं पाकीट आणते, इथे कोपऱ्यावर मिळतं."

फोनच्या दोन्ही टोकांना एकदम शांतता पसरली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. पेण-रोहा सीमावाद त्या क्षणी स्थगित झाला. "पाकीट उघडू नकोस," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

वाल पाठवायचे ठरले. कुठले, हे मात्र ठरेना. मग दोन पिशव्या झाल्या, एकीवर बायकोने सुंदर अक्षरात "रोहा" लिहिलं, दुसरीवर मी "पेण". रोह्याची पिशवी थोडी जड होती. मी तसं सांगितलं, तेव्हा मला पहिल्यांदाच सांगण्यात आलं की, हो, तुमच्या नजरेला वजन कळतं. पुण्याला निघालेल्या एका ओळखीच्या बरोबर दोन्ही धाडल्या आणि मुलीला बजावलं: वेगवेगळे भिजव, वेगवेगळे शिजव, आणि खरं काय ते सांग.

रविवारी तिने फोटो पाठवला. एकच कढई. दोन्ही पिशव्यांतले वाल तिने एकत्र भिजवले, एकत्र सोलले, रस ना अंगापुरता ना ओरपण्यापुरता, आणि वर लिहिलं होतं, "सगळ्यांना फार आवडलं. सासूबाई विचारतात, यात सोडे घातले तर चालतील का?"

बायको तेव्हापासून चष्मा लावून तो फोटो दोन बोटांनी मोठा करत बसली आहे. एक डाळिंबी फुटलेली सापडली. ती पेणची आहे, असं तिचं म्हणणं आहे.